ओतीव बटरक्रीमसाठी स्टीलचा उंच स्क्रेपर

केकवर बटरक्रीम ओतून गुळगुळीत थर मिळवण्याची पद्धत ऐकायला सोपी वाटते: बटरक्रीम कोमट करून पातळ करायचे, थंडगार केक जाळीवर ठेवायचा आणि मधोमध ओतून ते कडांवरून आपोआप खाली उतरू द्यायचे. परंतु हा थर इतका पातळ बसतो की खालचा एकही खळगा त्याखाली लपत नाही. ओबडधोबड गिलाव्यावर रंग दिला की उंचवटे अधिकच डोळ्यांत भरतात, तसेच येथे होते. त्यामुळे निम्म्याहून अधिक काम ओतण्यापूर्वीच्या क्रम्ब कोटमध्ये, म्हणजे केकचा भुगा बसवणाऱ्या क्रीमच्या पहिल्या पातळ थरात, उरकलेले असावे लागते, आणि त्यासाठीच मी केकवरचे क्रीम सपाट करण्याची प्लास्टिकची पट्टी बाजूला ठेवून क्रॉफर्ड मार्केट परिसरातून सुमारे २० सेंटीमीटर उंचीचा स्टीलचा स्क्रेपर घेतला.

याचे पहिले बलस्थान म्हणजे वजन. टर्नटेबल (केक ठेवायची फिरती चकती) फिरत असताना हलकी पट्टी हाताच्या दाबाने किंचित वाकते आणि केकच्या भिंतीला मध्येच पोट सुटते; हा स्क्रेपर मात्र बूड टर्नटेबलवर टेकवून धरला की शेवटपर्यंत काटकोनात उभा राहतो. शिवाय तो गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून शेवटचा फेरा दिला की लोण्याचा वरचा पापुद्रा जेमतेम वितळतो आणि बारीक छिद्रे बुजतात. लोण्यातला स्निग्धांश साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फेरा केक फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावरच द्यावा.

उणिवाही आहेत. माझ्या नगाच्या एका कोपऱ्यावर बारीक कंगोरा राहिलेला होता व तो क्रीमवर रेघ ओढत होता. म्हणून विकत घेतानाच धार काचेच्या सपाट पृष्ठभागावर टेकवून फटीतून उजेड येतो का, हे पाहावे आणि कोपऱ्यांवरून बोट हलकेच फिरवावे. पकडायला मूठ नसल्यामुळे ओल्या हातातून तो निसटतो, हेही खरे.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. या स्क्रेपरने केकची वरची कड सुरीसारखी टोकदार होते आणि लेपून केलेल्या सजावटीत ती देखणी दिसते, पण ओतीव बटरक्रीम अशा कडेवर टिकत नाही. ते दोन्ही बाजूंना ओघळते आणि कडेवर खालचा थर डोकावू लागतो. ओतण्यापूर्वी ती कड बोटाने किंचित गोलसर करून केक पुन्हा थंड करावा.

क्रीम स्वतः ३८ ते ४० अंशांच्या दरम्यान असताना माझ्या अनुभवात सर्वांत चांगले वाहते. त्याहून गरम असेल तर क्रम्ब कोट सैल होऊन घसरतो, आणि गार असेल तर ओघळ अर्ध्यावर गोठून लाटा उमटतात. फेटताना हवा भरू नये, ओतण्यापूर्वी ते बारीक जाळीच्या गाळणीतून गाळावे, आणि एकदा ओतल्यावर सुरी लावण्याचा मोह टाळावा. लागलेला प्रत्येक हात उमटून दिसतो.

किंमत प्लास्टिकच्या पट्टीहून बरीच अधिक असली तरी नियमित केक करणाऱ्यांनी हा स्क्रेपर अवश्य घ्यावा. वर्षातून एखादाच केक करणाऱ्यांचे काम मात्र लांब स्टीलच्या फूटपट्टीनेही भागेल. ओतण्यासाठी विकले जाणारे खास भांडे घेऊ नये. घरातला चोचीचा मग पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत क्रीममध्ये टोक बुडवून तापमान मोजणारा प्रोब थर्मामीटर येतो.