प्रवासाचा व्हिडिओ नकाशावर चढवायचाय: यूमॅप घ्यावं की गूगल माय मॅप्स?

नकाशावर ट्रॅकची, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या वाटेची रेघ, रेघेवर ठिपके आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ बरोबर त्याच जागेपासून सुरू. एवढंच हवं असेल तर एक पैसाही खर्चायची गरज नाही. यूमॅप आणि गूगल माय मॅप्स या दोन सेवा हे काम फुकटात करतात. व्हिडिओ चालताना नकाशावरचा ठिपका सोबत सरकतोय, हा प्रकार मात्र दोन्हींत नाही. तो हवा असेल तर टेलिमेट्री ओव्हरलेसारखं विकतचं सॉफ्टवेअर घेऊन नकाशा व्हिडिओतच छापता येतो.

आमचा कौल यूमॅपला. पण सेवा कुठलीही घ्या, काम बिघडतं ते वेळ जुळवताना, म्हणून आधी तेच बघू.

ट्रॅक ज्या फाइलमध्ये साठतो त्या जीपीएक्स फाइलमध्ये प्रत्येक बिंदूची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. व्हिडिओ फाइलमधल्या वेळेचा भरवसा नाही. गोप्रो हा कॅमेरा त्यात लावलेली स्थानिक वेळच यूटीसी म्हणून लिहून मोकळा होतो, तर बरेच अँड्रॉइड फोन रेकॉर्डिंग सुरू झाल्याची नाही, संपल्याची वेळ नोंदवतात. म्हणून फाइलच्या तारखेवर विसंबू नका. रेकॉर्डिंग सुरू केलं की ट्रॅक घेणाऱ्या फोनचं सेकंद दाखवणारं घड्याळ पाच सेकंद कॅमेऱ्यासमोर धरा. पुढचा हिशेब बोटांवर होतो. समजा, व्हिडिओ सकाळी ९:१०:२० ला सुरू झाला, म्हणजे यूटीसी ३:४०:२०. अटल सेतूवरच्या हव्या त्या बिंदूची वेळ फाइलमध्ये ३:५२:५४ आहे. फरक १२ मिनिटं ३४ सेकंद, म्हणजे ७५४ सेकंद. ठिपक्याच्या लिंकमध्ये हाच आकडा जाणार.

घड्याळ धरायचं राहिलं तर गाडी सुटल्याचा क्षण शोधा. लोकल फलाटावरून हलते ती फ्रेम आणि ट्रॅकमध्ये वेग शून्यावरून वर चढतो तो बिंदू जुळवला की दोन-तीन सेकंदांच्या फरकाने काम बसतं. दोन-तीन स्टेशनांवर ताडून बघा. फरक मधेच एकदम बदलत असेल तर तिथे कुठेतरी व्हिडिओ कापलेला आहे. कापलेल्या व्हिडिओला एकच फरक चालत नाही, प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. नकाशासाठी न कापलेलीच प्रत चढवा, कापाकापी दुसऱ्या प्रतीवर करा.

गोप्रोवाल्यांना आणखी दोन गोष्टी. जीपीएस हिरो ५ ब्लॅकपासून होतं, हिरो १२ ब्लॅकमध्ये काढलं, हिरो १३ ब्लॅकमध्ये परत आलं. सेकंडहँड घेताना एवढं बघाच. आणि ट्रॅक मूळ एमपी४ फाइलच्या पोटात असतो, यूट्यूबवर चढवला की तो गळून पडतो. म्हणून एक्झिफटूल हे फाइलमधली दडलेली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर वापरून जीपीएक्स आधी काढून घ्या. त्यात 'एम्बेडेड' माहिती काढायचा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर सगळे बिंदू मिळत नाहीत. मॉडेलनुसार सेकंदाला १० ते १८ बिंदू येतात, तासाभराची फाइल अगडबंब होते. फोनवर ट्रॅक घेत असाल तर सेकंदाला एक बिंदू पुरतो. तासाचे ३,६०० बिंदू, फाइल साधारण अर्धा एमबी.

फाइल हलकी करायला जीपीएसबेबेल हे सॉफ्टवेअर आहे, पण ते शेवटी चालवा. त्याचा 'सिम्प्लिफाय' फिल्टर सरळ रेषेतले बिंदू आधी उडवतो. सी लिंकसारख्या सरळसोट रस्त्यावर मग दोन टोकांमध्ये फारसं काही उरत नाही आणि मधल्या जागेची वेळ अंदाजाने काढावी लागते. टोलनाक्यापाशी गाडी रेंगाळलेली असली तर तो अंदाज सपशेल चुकतो. वेळा मूळ फाइलमधून काढा, हलकी केलेली फक्त रेघेसाठी वापरा.

आता सेवांकडे. माय मॅप्समध्ये नवा लेयर (नकाशावरचा थर) घेऊन 'इम्पोर्ट' म्हटलं की जीपीएक्स चढते. मर्यादा लेयरमागे २,००० ठिकाणांची, एका नकाशात १० लेयर आणि फाइल ५ एमबीपर्यंत. ठिपक्यावर कॅमेऱ्याच्या चिन्हातून यूट्यूबचा व्हिडिओ जोडता येतो. मधल्या सेकंदापासून सुरू करायचा असेल तर वर्णनात वेळेची लिंक टाकणं खात्रीचं. अँड्रॉइड अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे बदल ब्राउझरमध्येच करायचे. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नकाशा असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. पण कॅमेऱ्याच्या चिन्हातून प्रत्येक ठिपक्याला व्हिडिओ हाताने जोडायचा म्हणजे दहा-पंधरा ठिपक्यांपुढे कंटाळा येतो.

यूमॅप इथेच बाजी मारतं. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर उभं आहे, खात्याशिवायही नकाशा बनतो. मात्र तेव्हा मिळालेली गुप्त लिंक हरवली की नकाशात बदल करणं संपलं, तेव्हा खातं काढाच. एक्सेलमध्ये अक्षांश, रेखांश, नाव आणि वर्णन असे चार रकाने करा, सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, चढवा; सगळे ठिपके एका झटक्यात बसतात. वर्णनात तिहेरी महिरपी कंसात यूट्यूबचा 'एम्बेड' पत्ता (दुसऱ्या पानात व्हिडिओ बसवायचा पत्ता) लिहिला की पॉपअपमध्येच व्हिडिओची चौकट उघडते. इथे बहुतेकांची एकच चूक होते: सुरुवातीचा सेकंद सांगायला एम्बेड पत्त्याला 'स्टार्ट' (start=754) लागतं, साध्या लिंकला 'टी' (t=754). 'टी' लावून एम्बेड केलं तर व्हिडिओ मुकाट्याने पहिल्यापासून सुरू होतो. चौकटीत एररचा आकडा दिसला तर दुहेरी चौकोनी कंसात साधी लिंक द्या, व्हिडिओ वेगळ्या टॅबमध्ये उघडेल. व्हिडिओ 'अनलिस्टेड' चालतो, 'प्रायव्हेट' नाही. फोनवर नेहमीचा पॉपअप फार चिमटतो, म्हणून लेयरच्या सेटिंगमध्ये तो बाजूच्या पॅनेलमध्ये उघडायला लावा.

मुंबईत ट्रॅक कुठे दगा देतो तेही सांगून ठेवतो. कोस्टल रोडचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा, आत सिग्नल नाही, आणि बाहेर आल्यावरही पकड यायला काही सेकंद जातात. ठिपके दोन्ही तोंडांवर ठेवा, आतल्या भागात ट्रॅक तोडा. मेट्रो ३ जवळजवळ सगळी जमिनीखाली, तिचा नाद सोडा. लोअर परळच्या टॉवरांमधून सिग्नल आपटत येतो आणि रेघ रुळांवरून इमारतींत शिरते. लोकलमध्ये फोन खिशात न ठेवता खिडकीपाशी ठेवला तर हे बरंच कमी होतं. आणि वाशीच्या खाडीवरून कुठल्या कुठे गेलेली सरळसोट रेघ दिसली तर दोष जीपीएसचा नसतो. स्क्रीन बंद झाल्यावर फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅप मारलेलं असतं. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. वेळ ताडून बघायला उत्तम जागा अटल सेतू: वर मोकळं आकाश, आजूबाजूला टॉवर नाहीत. दुचाकीवाल्यांना मात्र तो बंद, सी लिंक आणि कोस्टल रोडही बंदच.

नकाशा सगळ्यांसाठी खुला करण्याआधी ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर कापा, नाहीतर रेघ थेट सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. यूमॅपवर बघणाऱ्यालाही डेटा डाउनलोड करता येतो, त्यामुळे नुसती रेघ झाकून भागत नाही. चढवायच्या फाइलमधूनच ते बिंदू काढून टाका.