अडतीस सिरिंजा आणि एक रबरी कनेक्टर

१४,८५० रुपये. संडासच्या गळतीपायी, गळती बंद करायला आलेल्या एका माणसानं उकळले. व्हिजिट ३५०, कडेची सील पट्टी १,२००, आणि ‘केमिकल इंजेक्शन’च्या ३८ सिरिंजा, दर ३५० प्रमाणे १३,३००. गुडघ्यातला पू ओढून काढतो म्हणत वाटीमागे हजार घेणारे भोंदू सगळ्यांना ठाऊक आहेत. हा तोच धंदा, फक्त गुडघ्याच्या जागी फरशी. दर एका सिरिंजीचा सांगतात, किती लागणार ते नाही. ‘चार-पाचात होतंय, साहेब.’ फरशीच्या सांध्यांत नऊ भोकं पाडून झाली की मग तुम्ही अडकलातच.

खालच्या भाडेकरू काकूंनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘फ्लश केला की ठिबकतंय बघा, रात्री काय नाही.’ सगळं निदान त्यात होतं. दिवसरात्र ठिबकलं तर पाण्याची लाइन किंवा अँगल कॉक. आंघोळीनंतर ठिबकलं तर फरशी नाहीतर नहाणीचा ट्रॅप. फक्त फ्लशनंतर ठिबकलं तर कमोड आणि चार इंची पाइपाचा सांधा. तरी मी त्या गळतीवाल्याच्या पीं-पीं करणाऱ्या यंत्राकडं बघत बसलो. नुकती आंघोळ झालेल्या फरशीवर ओलावा मोजायचं यंत्र वाजणारच की! त्यानं टाकीचं झाकण उचललं नाही, एकदाही फ्लश ओढला नाही.

आणि अकरावी सिरिंज. ती मारताना शेजारच्या भोकातून तेच दुधट पाणी वर आलं. आत काही मुरतच नव्हतं. मी म्हणालोसुद्धा, ‘हे बाहेर येतंय की.’ तो म्हणाला, ‘म्हणजे भरत आलं.’ आणि पुढं आणखी सत्तावीस! तिथंच हात धरायला हवा होता. पण बाहेर बेळगावचा आषाढातला पाऊस, खाली छत टपकतंय, काकूंच्या घरात बाळंतीण. अशा वेळी दहा ठिकाणी चौकशी करून कोण शहाणा काम देतो?

अशा इंजेक्शनात भरतात ते खरं पीयू (पॉलियुरेथेन) केमिकल पाण्यात मिसळलं की फेसाळून फुगतं. भोकं पाडायच्या आधी पेल्यात चार थेंब टाकून दाखवायला सांगा. सिरिंजीत उरलेलं मी नंतर पेल्यातल्या पाण्यात टाकलं, सकाळी ते होतं तसंच, ताकासारखं पातळ. आणि खरं असतं तरी मैल्याच्या पाइपाचा सुटलेला सांधा फरशीवरून भरत नसतो.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी मराठी अर्ज परत, कन्नडमध्ये आणा म्हणे. लिहून घ्यायला बाहेर १०० रुपये मोजले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, काम करून घेतलंत, पैसे स्वखुशीनं दिलेत, ही दिवाणी भानगड आहे. मग तीन दिवस कशाला फिरवलं? बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घालायची तर समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण विरुद्ध पक्ष म्हणून कुणाला उभं करू? माझ्याकडं वहीच्या पानावरचे आकडे, आणि यूपीआयवर तिसऱ्याच माणसाचं नाव. नाव, पत्ता आणि कामाचा एकूण आकडा कागदावर घेतल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

गळती शोधायला लागतो खायचा रंग, दहा रुपयांचा. तो टाकीत टाका, अर्धा तास फ्लश करू नका. पॅनमध्ये रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचा वॉशर गेला. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर बसतात, आधी घासून बघा, नाहीतर ६० रुपयांचा नवा. पाणी ओव्हरफ्लो नळीतून सांडत असेल तर फ्लोट इंचभर खाली घ्या. पाण्याचा मीटर बघा म्हणतात, पण आपल्याकडं मीटर संपच्या (जमिनीतल्या टाकीच्या) आधी असतो, घरातली गळती त्यावर कळत नाही. टाकी ठीक निघाली तर रंग पॅनमध्ये टाकून चार-पाच वेळा फ्लश करा. खाली रंगीत थेंब आला की सांधा सापडला. आमचा लाल आला.

खानापूरच्या गवंड्यानं कमोड उचलला. बुडाचे स्क्रू गंजलेले, त्यामुळं तो हलत होता आणि व्हाइट सिमेंटचा जुना सांधा तडकला होता. पाइपाचं तोंड घासून पुसून, साबणाचं पाणी लावून कमोड आणि पाइप जोडणारा रबरी कनेक्टर बसवला. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. नवे स्क्रू प्लास्टिक वॉशरसह, बेताचेच आवळायचे, जोर केला की चिनी मातीला तडा जातो. बुडाला व्हाइट सिमेंट लावताना मागं बोटभर जागा मोकळी, म्हणजे पुढं गळलंच तर वरच दिसेल. चोवीस तास वापर बंद. कनेक्टर २२०, स्क्रू-वॉशर ४०, सिमेंट एक किलो ५०, मजुरी ८००. एकूण १,११०.

उरलेल्या सिमेंटमध्ये ती नऊ भोकंही बुजली.