‘फॉलीज’ ऐकायचंय, पण कोणतं?

अमेरिकन संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइमचं ‘फॉलीज’ हे संगीत नाटक ऐकायला घ्यावं म्हटलं की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. एकाच नावाची निदान सहा ध्वनिमुद्रणं समोर येतात. एकात गाणी कमी, दुसऱ्यात चार नवी, तिसऱ्यात संवादही आहेत. नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी? चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करून ‘छान आहे, पण एवढं काय?’ म्हणत बाजूला झालेली माणसं मी पाहिली आहेत. मला या नाटकाचं फार वेड आहे, म्हणून त्याची हळहळ वाटते. तेव्हा निवड करताना काय बघायचं ते सांगतो.

आधी कथा. साल 1971, गाव न्यूयॉर्क. वाइझमन थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार आहे. पाडण्याआधी म्हातारा वाइझमन दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या रंगमंचावर नाचलेल्या-गायलेल्या बायकांना शेवटच्या भेटीला बोलावतो. सॅली आणि फिलिस या तेव्हाच्या मैत्रिणी नवऱ्यांना घेऊन येतात. सॅली अजूनही फिलिसच्या नवऱ्यात, बेनमध्ये, अडकलेली आहे. रंगमंचावर या सगळ्यांची तरुण रूपं भुतांसारखी वावरत असतात. इतर जुन्या नर्तिका-गायिका आपापलं जुनं गाणं गाऊन दाखवतात, आणि ही गाणी सॉन्डहाइमने त्या-त्या काळातल्या संगीतकारांच्या वळणाची बांधली आहेत.

म्हणजे गोष्टच मुळी जुन्या कलावंतांच्या पुनर्भेटीची. त्यामुळे त्या भूमिका कोण करतंय याला इथे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. गाणाऱ्या बाईने खरोखर चाळीस वर्षं रंगमंचावर काढली असतील तर तिच्या आवाजातला ओरखडासुद्धा नाटकाचा भाग होतो. माझी पहिली कसोटी हीच. दुसरी कसोटी संहितेची, कारण मूळ प्रयोगानंतर ती बदलली गेली आणि पुढे पुन्हा मुळाकडे वळली.

मूळ प्रयोग 4 एप्रिल 1971 रोजी न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांच्या पेठेत, म्हणजे ब्रॉडवेवर, विंटर गार्डन थिएटरमध्ये सुरू झाला. संहिता जेम्स गोल्डमनची, दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स आणि मायकल बेनेट यांचं. 522 प्रयोग झाले, ब्रॉडवेवर सगळ्यात मानाचे समजले जाणारे टोनी पुरस्कार सात मिळाले, आणि तरीही निर्मितीत घातलेले पैसे बुडाले. नटसंच मात्र असा पुन्हा जमला नाही. ‘ब्रॉडवे बेबी’ गाणारी एथेल शूटा तेव्हा 74 वर्षांची होती आणि 1920च्या दशकात ती खरोखर झिगफेल्डच्या, म्हणजे नाटकातला वाइझमन ज्याच्यावर बेतलाय त्या निर्मात्याच्या, रंगमंचावर गायलेली होती. फिलिस झालेली अलेक्सिस स्मिथ ही 1940च्या दशकातली वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटांतली नायिका. ‘आय’म स्टिल हिअर’ हे गाणं तर बॉस्टनच्या पूर्वप्रयोगांच्या वेळी यव्होन डी कार्लोसाठी, आधीचं एक गाणं काढून, नव्याने लिहिलं गेलं.

दुर्दैव असं की कॅपिटल कंपनीने या प्रयोगाची एकच तबकडी काढली. एका तबकडीत मावेना म्हणून काही गाणी वगळली, काही मधूनच कापली. ‘आय’म स्टिल हिअर’सुद्धा पूर्ण नाही. आपल्या नाट्यसंगीताच्या श्रोत्याला हे दुःख लगेच कळेल. रंगमंचावर रात्र-रात्र रंगणारी पदं जुन्या तबकडीसाठी तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागत. तरीसुद्धा आपण ती जपून ठेवलीच, कारण तो आवाज दुसरीकडे कुठे नाही. 1971च्या ‘फॉलीज’चंही तसंच. डोरथी कॉलिन्सची सॅली एकदा ऐकलीत की पुढच्या सगळ्या सॅलींची तुलना नकळत तिच्याशी होते. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फक्त हीच तबकडी दिली तर कथेचे सांधे हाती लागत नाहीत.

ही उणीव भरून काढायला 1985च्या सप्टेंबरमध्ये एव्हरी फिशर हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या साथीने मैफल झाली. संचालन पॉल जेमिन्यानी यांचं. नावं वाचूनच छाती दडपते: बार्बरा कुक, जॉर्ज हर्न, ली रेमिक, मॅन्डी पटिंकिन, इलेन स्ट्रिच, कॅरल बर्नेट. ऑपेरा गाजवलेली लिचिया अल्बानीजी सत्तरी ओलांडल्यावर ‘वन मोअर किस’ गायला आली. 1957च्या ‘द म्युझिक मॅन’मधली कोवळी नायिका बार्बरा कुक इथे 57 वर्षांची होऊन सॅली गाते, आणि ‘इन बडीज आइज’ ऐकताना लक्षात येतं की ही बाई स्वतःशीच खोटं बोलते आहे आणि ते तिला ठाऊक आहे. एवढं सगळं फक्त सुरांतून. खोट एकच: सॅलीचा नवरा बडी झालेला पटिंकिन तेव्हा अवघा 32 वर्षांचा होता. गातो अप्रतिम, पण थकलेला, पन्नाशीतला फिरता विक्रेता त्या आवाजात मला दिसत नाही. शिवाय ही मैफल आहे. प्रत्येक गाण्यावर टाळ्यांचा पाऊस पडतो आणि पार्टीतली घुसमट त्यात वाहून जाते.

आता सगळ्यात वादाचं रूप, 1987चं लंडन. निर्माता कॅमेरन मॅकिन्टॉशच्या आग्रहाने गोल्डमनने संहिता नव्याने लिहिली आणि शेवट बराच उजळ केला. सॉन्डहाइमने नवी गाणी दिली. बेनचं ‘द रोड यू डिडन्ट टेक’ गेलं आणि बेन-फिलिसचं ‘कंट्री हाउस’ आलं. बेनचं शेवटचं गाणंही बदललं. फिलिस झालेली डायना रिग नर्तिका नव्हती, म्हणून तिच्या नाचाच्या गाण्याऐवजी ‘आह, बट अंडरनीथ’ आलं. शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये या प्रयोगाचे मुळापेक्षा जास्त खेळ झाले आणि त्याला लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला, त्यामुळे तो फसला असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण मला विचाराल तर या दुरुस्तीत नाटकाचा कणाच वाकला. ‘द रोड यू डिडन्ट टेक’मध्ये बेन वरवर सांगत असतो की न निवडलेल्या वाटांचं मला काही वाटत नाही, आणि खालचा वाद्यवृंद त्याला खोटं पाडत असतो. त्याचं शेवटी जे कोसळणं आहे त्याची पहिली भेग इथे दिसते. हे गाणं काढलं आणि शेवटही गोड केला, की चार माणसांनी आयुष्य वाया घालवल्याची बोच उरत नाही. उरते ती चांगल्या कपड्यांतली, थोडी भांडणं असलेली संध्याकाळ. ‘कंट्री हाउस’ हे गाणं म्हणून मला आवडतं. एकमेकांशी बोलण्यासारखं काही न उरलेलं जोडपं घर, मूल, प्रवास असे विषय काढत राहतं, हे त्यात फार बारकाईने टिपलंय. ज्युलिया मॅकेन्झीची सॅलीही ऐकण्यासारखी आहे. म्हणून हे ध्वनिमुद्रण टाळू नका, फक्त पहिलं घेऊ नका. पुढे लेखकांनीच मूळ रूपाकडे परत जायचं ठरवलं, हेही ध्यानात ठेवा.

1998मध्ये न्यू जर्सीतल्या पेपर मिल प्लेहाउसने केलेल्या प्रयोगाचा दुहेरी संच निघाला. नाटकासाठी लिहून वगळलेली गाणीही त्यात जोडलेली आहेत, त्यामुळे अभ्यासकाला तो हवाच. 75 वर्षांची ॲन मिलर त्यात ‘आय’म स्टिल हिअर’ गाते. 2001च्या ब्रॉडवे प्रयोगाचं ध्वनिमुद्रणच झालं नाही. डिस्नेच्या स्नो व्हाइटच्या हालचालींसाठी जिचा नाच वापरला गेला, ती मार्ज चॅम्पियन त्यात 81व्या वर्षी नाचली होती.

2011चा प्रयोग वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधून ब्रॉडवेच्या मार्की थिएटरमध्ये आला. वाद्यवृंद 28 जणांचा, आणि आजच्या ब्रॉडवेवर एवढी वादक मंडळी म्हणजे चैनच. बर्नाडेट पीटर्सच्या सॅलीवर मतभेद आहेत. तिचा आवाज काही ठिकाणी चिरतो, ती सुरापेक्षा हुंदक्याकडे जास्त झुकते. मला ते पटतं, कारण सॅली शेवटी मनाने तुटणारीच बाई आहे. जॅन मॅक्सवेलची फिलिस धारदार, आणि डॅनी बर्स्टीनचा बडी मी ऐकलेल्यांत सगळ्यात खरा. ऑपेरातली रोझालिंड एलियास 81व्या वर्षी पहिल्यांदाच ब्रॉडवेवर उभी राहिली आणि ‘वन मोअर किस’ गायली. दोन तबकड्यांच्या या संचात संवादही भरपूर आहेत, त्यामुळे नाटक न पाहिलेल्यालाही कोण कुणाशी का बोलतंय ते कळतं.

लंडनच्या नॅशनल थिएटरचा 2017चा प्रयोग, दिग्दर्शक डॉमिनिक कुक. 37 कलावंत, 21 वादक, मध्यंतर नाही. इमेल्डा स्टॉन्टन सॅली, जेनी डी फिलिस. तरुण भुतं इथे कोपऱ्यात उभी नसतात. ती सतत आपल्या म्हाताऱ्या रूपांकडे बघत असतात. ‘वन मोअर किस’मध्ये वयस्क जोसेफिन बार्स्टो आणि तिचं तरुण रूप एकाच वेळी गातात तेव्हा घशात आवंढा येतो. हा प्रयोग नोव्हेंबर 2017मध्ये चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला. ध्वनिमुद्रण 2019मध्ये आलं. फक्त कानांनी ऐकताना यातलं अर्धं हरवतं, कारण याचं बळ दिसण्यात आहे.

तर निवड. नाटक अजिबात माहीत नसेल आणि फक्त ऐकायचं असेल, तर डोळे झाकून 2011. पाहायला मिळत असेल तर आधी 2017, आणि मग ऐकायला 2011च. कथा माहीत आहे, आता निव्वळ गाणं हवंय, तर 1985. नवी गाणी म्हणून 1987, पण या दोन-तीननंतर. 1971 सगळ्यांच्या शेवटी ठेवा. तोवर तुम्हाला कुठे काय कापलंय ते आपोआप ऐकू येईल, आणि कापलेलं मनातल्या मनात भरून काढत तुम्ही शूटाबाईंचं ‘ब्रॉडवे बेबी’ ऐकाल.

कुठलंही ध्वनिमुद्रण गाण्यांचा क्रम बदलून, पुढे-मागे उड्या मारत मात्र ऐकू नका. शेवटच्या अर्ध्या तासात चौघंही एकेक करून आपापल्या वेडेपणाचं गाणं गातात, आणि सॅलीचं ‘लूजिंग माय माइंड’ तिथेच येतं. सुटं ऐकलं तर ते सुंदर प्रेमगीत वाटतं. सगळी संध्याकाळ तिच्यासोबत काढून तिथे पोचलात, तर ते ऐकवत नाही, आणि बंदही करवत नाही.