१४ महिन्यांनंतर: बसून चालवायचा लॉन मोव्हर आणि चावी फिरवल्यावरचं ते ‘टक्’

गारगोटी रोडला आमचं लग्नाचं लॉन आहे, गवत पाऊण एकर. ढकलायच्या मशीनवर दोन माणसांची अख्खी सकाळ जायची, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये बसून चालवायचं सेकंडहँड मशीन घेतलं. १७ एचपी, एक सिलिंडर. तासा-सव्वातासात लॉन मोकळं होतं, कापणीबद्दल तक्रार नाही. (ओल्या गवताचे गोळे होतात, पण ते कुठल्याही मशीनचे होतात.) रडवलं ते चालू न होण्यानं. आणि मजा म्हणजे एकदाही दोष इंजिनाचा नव्हता.

पहिल्यांदा तर माझीच चूक. चावी फिरवली, स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गप्प. विकणाऱ्याला फोनवर नको ते बोललो. नंतर कळलं, ब्लेडचा स्विच ओढलेलाच राहिला होता. ब्लेड बंद आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असल्याशिवाय हे मशीन स्टार्टरला करंटच सोडत नाही. माफीचा फोन करावा लागला.

खरा इंगा जुलैत दाखवला. कोल्हापूरचा पाऊस, पत्र्याचं शेड, मशीन तीन आठवडे उभं. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. बॅटरी गेली म्हणून मी सरळ नवी आणून बसवली. तरी ‘टक्’! शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी नवी बॅटरी बघितली आणि हसले.

“मालक, बॅटरी कशाला बदलली? आधी अर्थ बघायचा की.”

अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला, मशीनच्या सांगाड्याला, जाणारी वायर. त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या बॉडीला. चावी फिरवताच स्टार्टर गर्रकन फिरला. अर्थची वायर चासीला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासलं, बोल्ट परत आवळला, वरून व्हॅसलिन. पाच मिनिटांचं काम, आणि जुनी बॅटरी अजून माझ्या जीपमध्ये चालतेय.

त्या दिवशी त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो, तेवढ्यात त्यांची मजुरी वसूल झाली. उभ्या मशीनच्या बॅटरीवर मीटरनं १२.६ व्होल्ट दाखवले म्हणून खूश व्हायचं नाही. मीटर बॅटरीला लावलेला ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायचं. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी दमलीय. आकडा बाराच्या वरच राहिला आणि तरी नुसतं ‘टक्’, तर करंट पुढं जातच नाही. मग अर्थ, जाड केबल नाहीतर सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) बघायचं.

तिसरा प्रसंग ऑक्टोबरमधला. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू, आणि यावेळी स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही. प्लगला ठिणगी होती, एअर फिल्टर साफ. टाकीत मात्र ऑगस्टमधलं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, वाटी उघडली तर तळाशी पाण्यासारखा थर, जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) पिवळा चिकटा. ऊस आपल्याच शिवारातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, तक्रार कुणाकडं करायची? जेट तांब्याच्या एका बारीक तारेनं मोकळा केला, ताजं पेट्रोल भरलं, चौथ्या फेरीला इंजिन लागलं. आता मशीन पंधरा दिवस उभं राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे वाटी रिकामी होते.

अर्ध्या एकराच्या आत गवत असेल तर या भानगडीत पडू नका, ढकलायचं मशीन पुरतं.

या जूनमध्ये उंदरानं सीटखालची वायर कुरतडली. इंजिन चालू व्हायचं, पण ब्लेड लावलं की बंद, कारण सीटवर माणूस आहे हे मशीनला कळतच नव्हतं. आमचा पोरगा म्हणाला, “दोन वायरी पिळून कायमच्या जोडूया, कटकट नको.” मी नाही म्हटलं. लॉनवर पाहुण्यांची पोरं पळत असतात, आणि चालवणारा खाली उतरला तरी ब्लेड फिरत राहिलं तर? नवी वायर आणि कनेक्टर टाकून घेतला, दीडशे रुपये गेले. पिंजरा मात्र अजून लावतोय, उंदीर सापडलेला नाही.