२० लिटरची ड्राय बॅग : सात महिन्यांनंतर (केरळ एक दिवस, बाकी सगळं लातूर)

बॅगचं बक्कल तुटलं म्हणून लिहायला बसलोय. ड्राय बॅग म्हणजे आत पाणी शिरू न देणारी पिशवी : पीव्हीसी प्लास्टिकची, जोड शिवलेले नाहीत तर वेल्डिंगने चिकटवलेले, आणि तोंड गुंडाळून वर बक्कल लावायचं. जानेवारीत ७९९ ला घेतली, तीही एका दिवसासाठी.

आलप्पुळाहून कोल्लमची सरकारी बोट. सकाळी साडेदहाला सुटली, संध्याकाळी साडेसहाला पोचलो. राष्ट्रीय जलमार्ग ३ तो हाच. उजव्या हाताला नारळाची चिंचोळी पट्टी, तिच्या पलीकडे समुद्र. समुद्राला धरून चाललोय, पण लाट म्हणून नाही. मोबाइल, आईची औषधं, कपडे, सगळं बॅगेत कोंबून आठ तास ती मांडीवर घेऊन बसलो. पाण्याचा एक थेंब उडाला नाही. सांडला तो माझाच चहा. मुलगा म्हणाला, "पप्पा, कॅरीबॅगमध्ये भागलं असतं." दोन तारे द्यायचे ठरवूनच कोल्लमला उतरलो.

बोटीला मात्र नावं ठेवणार नाही. कुट्टनाडमध्ये भाताची शेतं कालव्याच्या पाण्याहून खाली दिसतात. तिथली बरीच जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालतात आणि पंपाने पाणी बाहेर काढतात. बायको कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे लोक पाणी उपसून टाकायलेत, अन् आपण बोअरवर बोअर मारायलोत." २०१६ ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही.

बॅग कपाटावर पडून होती. मे महिन्यात नळाची पाळी आली आणि नेमकी लाईट गेली. मोटार बंद, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, टाकी कोरडी. तेव्हा सुचलं : जिच्यात पाणी शिरत नाही, तिच्यातून ते बाहेर तरी कसं येईल? खाली नळावर भरली, तोंड तीन वेळा गुंडाळलं, खांद्यावर टाकली. पायऱ्यांवर एक थेंब नाही! घागर डचमळते, ही डचमळत नाही. २० लिटर म्हणतात, पण गुंडाळायला जागा सोडली की पंधराच मावतं. वास येतो, त्यामुळे प्यायला नको. भांड्याला, संडासाला चालतं. पट्टा एकच, खांदा कापतो. तरी तारे चार केले.

आता बक्कल. बाकी बॅगेला ओरखडा नाही आणि दाताच्या काडीएवढ्या प्लास्टिकवर सगळा भार! ऑगस्टमध्ये पहिल्या मजल्यावर कट्‌ असा आवाज आला, गुंडाळी उलगडली आणि पंधरा लिटर खालच्या काकूंच्या दारात. त्या झाडू घेऊन बाहेर आल्या त्या मला बघून आतच गेल्या.

कंपनीला फोन केला. वॉरंटी वर्षाची. पोरगी गोड बोलत होती.

"सर, बॅग कशासाठी वापरत होता?"

"पाण्यासाठी."

"सर, ती पाण्यापासून वाचण्यासाठी आहे."

म्हणलं, ताई, भिंत तीच, फक्त पाणी अलीकडं आहे. तिने होल्डवर ठेवलं. फोटो मागितले, व्हिडिओ मागितला, शेवटी "चुकीचा वापर" असा मेसेज. चार दिवस भांडलो. रागात तारा एक केला होता.

मग गंजगोलाईत एका बॅग दुरुस्तीवाल्याने जुन्या दप्तराचं बक्कल काढून बसवलं. ३० रुपये. मूळच्यापेक्षा जाड आहे, तेव्हापासून तुटलं नाही. तीन तारे, त्यातला एक त्याचा.

दुसरी घ्यायची म्हणून काल बघितलं, तर ८९९ झालीय. थांबलोय.