जुनी शेवरोले सी-१० पिकअप खाली बसवायची तर ड्रॉप स्पिंडल की लोअरिंग स्प्रिंग?

१९७३ ते ८७ ची टू-व्हील-ड्राइव्ह शेव्ही सी-१० असेल तर पुढून खाली आणायला माझं मत सरळ ड्रॉप स्पिंडललाच, कारण त्यात चाकाचा अ‍ॅक्सलच वर सरकवलेला असतो, साधारण अडीच इंच गाडी बसते आणि मूळ स्प्रिंग तशीच राहते म्हणून खड्ड्यात दणका बसत नाही. लोअरिंग स्प्रिंग (म्हणजे मूळपेक्षा आखूड स्प्रिंग) स्वस्त पडते हो, पण सस्पेन्शनची हालचाल कमी होते, बंप स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर पण आखूड लागतात. स्प्रिंग कापायच्या फंदात तर अजिबात पडू नका प्लीज!! स्पिंडल घेताना रिम आत घासत नाही ना ते बघा, आणि काहीही बसवा, अलाइनमेंट करायचीच.