इम्प्रॉव्हसाठी जागा: कॅफे की छोटं नाट्यगृह?

पुण्यातला एक नवा इम्प्रॉव्ह (संहितेशिवाय, ऐनवेळी सुचेल तसं नाटक) करणारा गट पेचात आहे: दर महिन्याचा प्रयोग कॅफेत करावा, की शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोटेखानी जागेत?

पैशाच्या बाबतीत कॅफे सरस. तिथे बहुधा तिकिटातला वाटा देऊन भागतं. नाट्यगृहाचं भाडं मात्र प्रेक्षक दहाच आले तरी चुकत नाही.

पण माझ्या मते खरा मुद्दा ऐकू येण्याचा आहे. इम्प्रॉव्ह प्रेक्षकांनी दिलेल्या एका शब्दावर उभं राहतं. मागून कुणी ‘रिक्षा स्टँड’ म्हणालं आणि त्याच क्षणी मिक्सर घरघरला, तर प्रसंग सुरू होण्याआधीच कोसळतो. पुढेही समोरच्याचं वाक्य नीट ऐकून, ते मान्य करून त्यात भर घालायची असते. छोट्या सभागृहात पुटपुटलेलंही पोचतं. शिवाय नेमक्या हशावर दिवे घालवून प्रवेश तोडता येतो. कॅफेत तो रेंगाळत राहतो.

परवानगीची चौकशी दोन्हीकडे आधीच करा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते आणि इम्प्रॉव्हला संहिताच नसते.

नवखे असाल, पाच-पाच मिनिटांचे खेळ करून भीड चेपायची असेल, तर कॅफे घ्या. ‘हॅरॉल्ड’सारखा, प्रसंगांत प्रसंग गुंफणारा दीर्घ प्रकार करायचा असेल, तर दोन महिन्यांतून एकदाच करा, पण नाट्यगृहातच करा.